पंधरा लाख वर्षांचा मुलगा आणि आमचं चौदा वर्षांचं ध्यान (नैरोबीचं संग्रहालय)

रानजाई

मे महिन्यात भावाकडे नैरोबीला जाऊन आलो. मी, नवरा आणि चौदा वर्षांचं एक ध्यान. ध्यान म्हणजे काय, तर उंची रोज वाढतेय, दातांना तारा आहेत आणि काहीही विचारलं तरी 'हं' आणि 'काय माहीत' यापलीकडे उत्तर नाही. सिंह दाखवणार या एका अटीवर यायला तयार झाला होता. पण मे म्हणजे तिकडे पावसाळ्याची अखेर. मसाई माराकडचा रस्ता चिखलात गेला, सफारी दोन दिवस पुढे ढकलली आणि भाऊ म्हणाला, "चला, तोवर म्युझियम करून टाकू." त्यावर झालेला चेहरा इथल्या आईबापांना सांगायला नको.

नॅशनल म्युझियम शहरातच, म्युझियम हिल नावाच्या टेकाडावर आहे. आवारात अहमद नावाच्या हत्तीचा पूर्णाकृती पुतळा आहे. याचे सुळे इतके मोठे होते की शिकाऱ्यांपासून वाचवायला खुद्द केनियाटांनी, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी, वटहुकूम काढून त्याला संरक्षण दिलं होतं. ध्यानाने फोटो काढला, मित्रांना पाठवला. म्हटलं, चला, वसूल.

मग मानवाच्या उगमाचं दालन. मी घरून वाचून गेले होते, त्यामुळे पहिल्या पाटीपासून माझं सुरू: "हे बघ, इथून दोन पायांवर चालायला लागले..." तिसऱ्या पाटीपर्यंत शेजारी कुणीच नव्हतं. नवराही नव्हता. तो पक्ष्यांकडे गेला होता.

ध्यान सापडलं ते एकदम शेवटी, त्या सांगाड्यासमोर. तुर्काना बॉय, आपल्याआधीच्या एका मानवजातीतला (होमो इरेक्टस) मुलगा. खरीखुरी हाडं आहेत, ठसा नव्हे. मी पोचले तर मान न वळवता विचारतो, "आई, हा किती वर्षांचा?"

"पंधरा लाख. जरा जास्तच."

"तसं नाही गं. मेला तेव्हा."

खरं सांगते, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी येताना लाखांचे हिशेब करून आले होते. उत्तर शोधलं तर आठ-नऊ वर्षांचा, पण अंगाने आपल्याकडच्या तेरा वर्षांच्या मुलाएवढा. वरचे दुधाचे सुळे अजून पडायचे होते. आणि खालच्या जबड्यात एका दाढेपाशी संसर्गाच्या खुणा आहेत, त्यातूनच विष अंगात भिनून गेला असावा असा एक कयास आहे. हे मी वाचून दाखवलं. त्यानंतर बराच वेळ आमचं ध्यान तोंड मिटून आतल्या आत जिभेने स्वतःच्या तारा चाचपत उभं होतं.

रात्री मामाकडच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने १६० सेंटिमीटरची खूण केली. त्या मुलाची उंची साधारण एवढी होती. मग स्वतः पाठ लावून उभा राहिला. १६३. "हरवलं!" म्हणाला. आणि हात धुवायला जाता जाता, "पण तो आठचा होता ना..."

तर प्रश्न असा. सिंह दिसले, झाले, विसरला. हा मुलगा मात्र अजून डोक्यात आहे. आता पुढे काय दाखवू? आपल्याकडे यातलं काय बघण्यासारखं आहे? बाहेरच्यांचे अनुभवही सांगा. आणि त्या वयाला घेऊन फिरताना आपण गप्प कसं बसायचं, हेही.

---

घारापुरीची मांजर

'तसं नाही गं, मेला तेव्हा' हे एक नंबर!! नवरा पक्ष्यांकडे जातो हे घरोघरी सेम. माझी पंधराची आहे, वाचते आहे.

---

नैरोबीकर

रानजाई, गेली बावीस वर्षं इथे आहे. पाहुणे आले की माझी फेरी ठरलेली: जिराफ, म्युझियम, भाजलेलं मटण. पाहुण्यांना मी हाडांच्या आधी हाडं शोधणाऱ्याची गोष्ट सांगतो, कारण ती पाटीवर चार ओळींत आटपते.

कामोया किमेऊ. शाळा प्राथमिकच्या पुढे नाही. पन्नासच्या दशकात लीकी कुटुंबाकडे (पूर्व आफ्रिकेत आदिमानवाची हाडं शोधणारं शास्त्रज्ञांचं घराणं) खोदाईचा मजूर म्हणून लागला. मेलेल्या माणसाच्या हाडांना हात लावणं म्हणजे चेटूक, असं त्याच्याकडचे लोक मानायचे, तरी हा टिकला. पुढे रिचर्ड लीकींच्या शोधपथकाचा म्होरक्या झाला. १९८४ च्या ऑगस्टमध्ये तुर्काना तलावाच्या पश्चिमेला नारिओकोटोमे नावाच्या कोरड्या नदीकाठी तळ पडला होता. सुट्टीचा दिवस. बाकीचे कपडे धू, झोप काढ असं करत होते. कामोया उगीच पलीकडे चक्कर मारायला गेला आणि काळ्या खडीत त्याला काड्यापेटीएवढा एक तुकडा दिसला. आजूबाजूच्या खड्यांच्याच रंगाचा. कवटीच्या कपाळाचा तुकडा होता तो. पुढची काही वर्षं ती टेकडी खणत, माती चाळत होते, तेव्हा कुठे शंभराच्या वर हाडं जमली. हातापायांचे पंजे जवळपास मिळालेच नाहीत.

त्याला कुणी पुरलं वगैरे नव्हतं. उथळ पाण्यात, दलदलीत पडला, वरून जनावरं तुडवत गेली, हाडं चिखलात रुतून विखुरली. गाळात चटकन गाडला गेला म्हणूनच उरला. उघड्यावर पडता तर तरसांनी काही ठेवलं नसतं.

कामोयाला १९८५ साली व्हाइट हाउसमध्ये रेगन यांच्या हस्ते पदक मिळालं. २०२२ मध्ये वारला. दाराशी पुतळा मात्र लुई लीकींचा, म्हणजे रिचर्ड यांच्या वडिलांचा आहे. मी दर वेळी पाहुण्यांच्या पोरांना विचारतो, इथे कुणाचा पुतळा हवा होता? पोरं फार चांगली भांडतात यावर.

अजून एक. पुन्हा आलात तर ओलोर्गेसाइलीला जा. मगाडीच्या रस्त्याला, साधारण ७० किलोमीटर. लाकडी पुलावरून चालत जायचं आणि खाली जमिनीवर हातकुऱ्हाडी, म्हणजे मुठीत धरायची आदिमानवाची दगडी हत्यारं, पडलेल्या. शेकड्यांनी. जिथे होत्या तिथेच ठेवल्यात. टोपी आणि पाणी न्या, रिफ्ट खोऱ्यातलं ऊन डोकं फोडतं.

---

दाढदुखी

व्यवसायाने दातांचा डॉक्टर, त्यामुळे राहवत नाही.

वयाचा घोळ का आहे ते सांगतो. लांब हाडांची टोकं किती जुळलीत यावरून आणि उंचीवरून पाहिलं तर हा मुलगा तेराच्या आसपासचा वाटतो. पूर्वी अकरा-बारा धरायचे. पण दाताच्या इनॅमलमध्ये रोजच्या वाढीच्या बारीक रेषा असतात, झाडाच्या वलयांसारख्या, फक्त वर्षाच्या नाही, दिवसाच्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजल्या की वय बरंच नेमकं येतं. तसं मोजल्यावर आठाच्या आसपास आलं. म्हणजे त्यांची मुलं आपल्यापेक्षा लवकर वाढायची. आपलं हे जे लांबलचक बालपण आहे आणि त्याच्या शेपटाला ही 'हं, काय माहीत'वाली वर्षं आहेत, ती त्यांच्याकडे आपल्याइतकी नव्हती.

तुमच्या चिरंजीवांना सांगा की त्यांचे सुळे ज्या वयात पडले, त्या वयाला पोचण्याआधीच हा गेला. आणि तारांमध्ये अडकलेलं अन्न नीट काढा म्हणावं. पंधरा लाख वर्षं आई ओरडते आणि पोरं ऐकत नाहीत!

---

रानजाई

@दाढदुखी, हे तसंच्या तसं मोठ्याने वाचून दाखवलं. 'म्हणजे टीनएज हा आमचा शोध आहे' असं उत्तर आलं. दुसऱ्या परिच्छेदावर उत्तर आलं नाही, पण ब्रश करायला पूर्ण तीन मिनिटं लागली.

@नैरोबीकर, पुतळ्याचा प्रश्न जेवताना टाकला. नवरा म्हणे लीकी, कारण पैसा आणि डोकं त्यांचं. ध्यान म्हणे कामोया, कारण 'सुट्टीच्या दिवशी कोण बघतं?' मग याच मुद्द्यावरून 'तू सुट्टीच्या दिवशी काय करतोस' असा विषय निघाला आणि जेवण बिघडलं. असो.

---

आडनावात काय

सगळं ठीक. पण माणूस माकडापासून झाला तर आजची माकडं माणूस का होत नाहीत, याचं उत्तर कुठल्याच म्युझियममध्ये नाही. मुलांना हे एकतर्फी दाखवणं बरोबर नाही.

---

कोकणी ठसका

@आडनावात काय, तुमच्या घरी कुळवृत्तांत आहे का हो? आमच्याकडे आहे, जाडजूड. त्यात मूळ पुरुष एक, मग शाखा. आमची शाखा गुहागरला राहिली, दुसरी इंदूरला गेली. आता इंदूरवाल्यांना कुणी विचारेल का, की तुम्ही गुहागरवाल्यांपासून झालात तर गुहागरवाले अजून इंदूरकर का होत नाहीत? मूळ पुरुष ना त्यांच्यासारखा, ना आमच्यासारखा. चिंपांझी ही इंदूरची शाखा समजा. (इंदूरकरांनी हलके घ्या. किंवा आमची शाखा चिंपांझी धरा, बायको तेच म्हणते.)

कुळवृत्तांतात अख्ख्याच्या अख्ख्या शाखेपुढे 'निर्वंश' लिहिलेलं असतं ना, तसं इथेही फार आहे. किंबहुना माणसाच्या बाजूच्या शाखांत आपण सोडून झाडून सगळ्यांपुढे तेच आहे.

---

नैरोबीकर

@आडनावात काय, हा वाद इथेही झालाय. संग्रहालय नूतनीकरणानंतर २००८ साली उघडलं, त्याआधी इथल्या काही चर्चच्या पुढाऱ्यांनी जोर लावला होता की ही हाडं मागच्या खोलीत ठेवा आणि हे फक्त एक मत आहे अशी पाटी लावा. संग्रहालयाने ऐकलं नाही. आता रविवारी चर्चमधून निघालेली कुटुंबं पोरांना घेऊन तिथेच येतात. मी पाहतो ना.

---

पोटोमॅककाठी

वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये मानवाच्या उगमाचं असंच दालन आहे, २०१० साली उघडलं. प्रवेश फुकट, त्यामुळे आम्ही व्हर्जिनियावाले पाहुणे आले की ढकलून देतो आत. मुलगी तेव्हा तेराची. कवट्यांची एक भिंतच आहे, ७६ कवट्या, पण ती त्यापुढून सरळ निघून गेली. तिला काय आवडलं? एक यंत्र होतं, फोटो काढून तुमचा चेहरा जुन्या मानवासारखा करून देणारं. स्वतःचा झाला, भावाचा झाला, मग आजीला ओढत नेलं. सासूबाई नऊवारीत, कुंकू तसंच, आणि खाली निअँडरथल (आपल्या जवळची, आता नामशेष झालेली मानवजात) कपाळ. तो फोटो अजून फ्रिजवर आहे. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या आत्यासारखी दिसते की!" यात गंमत आहेच, पण आफ्रिकेबाहेरच्या आपल्या सगळ्यांत थोडा निअँडरथल वारसा उरलाय, तेव्हा आत्याबाई अगदीच चूक नसाव्यात.

गंभीर वस्तू एकच सांगते. शानिदार-३ नावाचा निअँडरथल आहे तिथे, इराकमधल्या गुहेत सापडलेला. त्याच्या एका बरगडीवर टोकदार हत्याराने झालेल्या जखमेची खाच आहे. बरी व्हायला लागलेली जखम, म्हणजे वार झाल्यावर तो काही काळ जगला. मुलगी तिथे थांबली. 'कुणी मारलं असेल?' यावर आम्ही परत येताना मेट्रोत पाऊण तास घालवला, आणि ही तीच मुलगी जी एरवी हेडफोन काढत नाही.

गप्प कसं बसायचं विचारलंत म्हणून: मी वेगळी फिरते. 'पाऊण तासाने दाराशी भेटू, आणि तुला आवडलेली एकच वस्तू मला दाखव.' बास. तीन-चार वेळा तर दुकानातलीच वस्तू दाखवली तिने, चालायचंच.

---

वैतागलेला बाप

इथे सगळ्यांची पोरं फारच शहाणी दिसतात. दक्षिण आफ्रिकेत मारोपेंगला, तिथल्या मानवाच्या उगमाच्या प्रदर्शनाला, नेलं होतं आमच्या सोळाच्याला. तिथे जमिनीखाली होडीतून फिरवतात, बर्फ, वारा, आग वगैरे दाखवत. तेवढं आवडलं. पुढे स्टर्कफोंटाइनची गुहा, जिथे १९४७ साली 'मिसेस प्लेस' या टोपणनावाने ओळखली जाणारी आदिम पूर्वजाची कवटी मिळाली. तिथे हा मागे राहिला म्हणून मला वाटलं रमला. जाऊन बघतो तर रेंज येते का बघत होता. गुहेत!

सांगायचा मुद्दा, नाही रमलं पोरगं तर मनाला लावून घेऊ नका. मी घेतलं होतं. दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी, ते उगाच.

---

डेक्कनचा पत्ता

रानजाई, 'आपल्याकडे काय' याचं उत्तर देतो, जरा लांबेल.

आधी वाईट बातमी. माणसाच्या एवढ्या जुन्या हाडांच्या बाबतीत आपण गरीब आहोत. १९८२ च्या डिसेंबरमध्ये मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा इथे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना कवटीचा भाग मिळाला, तोच आपला मोठा ठेवा. दगडी हत्यारांच्या बाबतीत मात्र आपण गडगंज.

पुण्यात असाल तर येरवड्याला डेक्कन कॉलेज. पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे, आधी फोन करून जा, कार्यालयीन वेळ असते. झगमगाट काही नाही, जुनी कपाटं आणि टाइप केलेल्या चिठ्ठ्या. पण डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या खोल्यांतून अर्ध्या हिंदुस्थानचं अश्मयुग मांडलं. हातकुऱ्हाड बघा. ओलोर्गेसाइलीची आणि आपल्या नदीकाठची शेजारी ठेवली तर कुठली कुठली ते सांगताना मी मी म्हणणारे चाचरतील. तोच बदामाचा आकार, दोन्ही बाजूंनी तासलेला.

मग नेवासं. हो, ज्ञानेश्वरीचं नेवासं. प्रवरेच्या काठी सांकलियांनी पन्नाशीच्या दशकात उत्खनन केलं. तिथल्या मध्य पुराश्मयुगीन हत्यारांना अभ्यासक 'नेवासियन' म्हणतात, गावाच्या नावावरून.

आणि तुमच्या ध्यानाला पायांची गोष्ट सांगा. शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगाव आहे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. ते लोक मेलेल्या माणसाला घराच्या जमिनीखालीच पुरायचे, आणि मोठ्या माणसाचे पाय घोट्याजवळ तोडून. का? मेलेला उठून चालायला लागू नये म्हणून असावं, असं अभ्यासक म्हणतात. लहान मुलांचे पाय मात्र तोडत नसत. त्यांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे. एका मोठ्या माणसाला तर चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेलं सापडलं. त्याचे पाय शाबूत. तो कोण असेल यावर आम्ही विद्यार्थी असताना रात्री जागवल्यात.

---

घारापुरीची मांजर

पायांचं वाचून अंगावर काटा आला. मुलांचे का नाही तोडले?

---

डेक्कनचा पत्ता

@घारापुरीची मांजर, मुलं कुठे पळून जाणार, असं आमचे एक सर म्हणायचे. मला वेगळं वाटतं. मुलाने परत यावं असंच आईबापांना वाटत असणार. पण हे माझं वाटणं, पुरावा नाही.

---

रानजाई

परवा डेक्कन कॉलेजला जाऊन आलो, म्हणून धागा वर काढते आहे.

पोटोमॅककाठी यांचा पाऊण तासाचा नियम लावला. मी एका बाजूने, तो दुसऱ्या. (नवरा आला नव्हता, पक्षी नाहीत म्हणे.) पाऊण तासाने मला हातकुऱ्हाडींच्या कपाटापाशी नेलं. "हे तिकडे पण होतं." बास, एवढंच. मी पण काही बोलले नाही. बोलायचं फार मनात होतं, जीभ चावली.

येताना रिक्षात मोबाइलवर हा धागा वाचत होता. इनामगावपर्यंत आल्यावर म्हणतो, "त्याचेही पाय नव्हते." मी म्हटलं, कोणाचे? "तुर्कानाचे. पण त्याचे वाहून गेले. यांचे तोडले." मग येरवड्याच्या पुलावर सिग्नलला थांबलो तेव्हा, "तो लहान होता. इनामगावला असता तर त्याचे तोडले नसते." मी म्हटलं नसते. यापुढे घरापर्यंत काही बोलणं झालं नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटचं नाव आता 'केएनएम-डब्ल्यूटी १५०००' आहे, त्या सांगाड्याचा संग्रहालयातला क्रमांक. शेजारच्या काकूंनी विचारलं, गाडीचा नंबर आहे का.

आता नेवासं. माझ्या आईला कित्येक वर्षं पैस खांबाचं दर्शन घ्यायचं आहे, ज्ञानेश्वरी ज्याला टेकून सांगितली तो. नातवाला प्रवरेचे दगड बघायचे आहेत. गाडी एकच. आजी म्हणते आधी देऊळ, नातू म्हणतो आधी नदी, उन्हं चढली की चालवणार नाही. दिवाळीनंतर जायचं म्हणतोय. नदीत तेव्हा पाणी किती असतं? कुणी त्या बाजूचं आहे का?

---

डेक्कनचा पत्ता

दिवाळीच्या मागेपुढे पाणी असतं, दरडीचे थर नीट बघायचे तर जानेवारी-फेब्रुवारी बरा. आधी नदी करा, सकाळी सातला. आजींना गाडीत चहा द्या, मग देवळात निवांत बसतील. आणि ध्यानाला सांगून ठेवा: दगड दिसला तर फोटो काढायचा, शेजारी पेन ठेवून, म्हणजे माप कळतं. उचलायचा नाही. खिशात तर नाहीच नाही.

---

नैरोबीकर

पेन नसेल तर काड्यापेटी ठेव म्हणावं.